सात देशांचा बैल

शिअब, १२ फेब्रुवारी १९७९

हमामे,

सलाम. तुझा नवरा नाजी, तुझी सासू, शेजारपाजार, सगळ्यांना एकदाच सलाम. वेगवेगळा लिहायला माझा हात रिकामा नाही.

हे पत्र मी स्वतः लिहिलंय, बरं का. बायकांच्या वर्गात चार महिने पाटी घासली त्याचं हे फळ. अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आहे, पण माझं आहे. तुझ्यासारखं मास्तरच्या ओट्यावर जाऊन बसावं लागत नाही.

काम एवढंच. बैल पाठव. महिनाअखेरीला दोन्ही माझ्या दारात उभे पाहिजेत. थंडीभर तू चारलेस, उपकार झाले, आता माझं रान आधी आणि तुझ्या शेताचे डोंगरावरचे टप्पे नंतर, हे ठरलेलं आहे. मागच्या साली तू आठ दिवस उशीर केलास आणि मी ढेकळं हाताने फोडली. यंदा चंद्र पाचव्या रात्री कृत्तिकांना भेटेल तोवर माझी नांगरट संपली पाहिजे. आणि त्याच्या पुढच्या महिन्यातली तिसऱ्या रात्रीची भेट चुकली की मग पेरलेली ज्वारी पाखरांसाठीच, हे तुला मी सांगायला नको. घरात मी, दोन पोरी आणि आंधळा सासरा. हे एक रान पिकलं तर वर्षभर भाकरी, नाही तर वर्षभर तोंडाकडे बघणं.

बाबांनी मरताना आपल्या दोघींना एकेक गोऱ्हा दिला, मला तांबडा, तुला काळा. मी तेव्हा चिडले होते, जोडी फोडली म्हणून. म्हातारा म्हणाला, "एका बैलाने नांगर चालत नाही. त्या निमित्ताने तरी एकमेकींशी बोलत राहाल." तेव्हा आपल्या दोन गावांमधल्या ओढ्यावर कुणाचं काही नव्हतं. आता अलीकडे दक्षिण येमेनचं सरकार, पलीकडे उत्तर येमेनचं, आणि बोरीच्या झाडाखाली दोन्हीकडचे शिपाई एकमेकांकडे बंदुका करून चहा पितात. बैलांना मात्र अजून कुणी कागद मागितला नाही. मागायच्या आत पाठव.

मुलूक

*

कुरैन, २० फेब्रुवारी

परमप्रिय भगिनी मुलूक, जिच्या स्मृतीने अंतःकरणाच्या उद्यानात जाईजुई दरवळतात,

हमामाबाई सांगतात, वरची ओळ मास्तरांनी आपल्या पदरची घातली, तेही लिहा. लिहिले.

ताई, आम्ही बरे आहोत. बैल बरे आहेत. तांबड्याच्या मानेवर चांगलं मांस चढलंय, नाजी म्हणतो असा बैल कातबाच्या बाजारात नाही. काळा नेहमीसारखा आळशी. बाजार झाला की सोमवारी, २६ तारखेला, नाजी दोन्ही घेऊन निघेल आणि दुपारच्या आत तुझ्या दारात येईल. सोबत थोडा मध पाठवते.

बोरीपाशी शिपाई वाढलेत. रोज एक गाडी नवीन येते. नाजी म्हणतो तू काळजी करू नकोस म्हणून लिही. मी काळजी करत नाही असंही लिहायला सांगितलंय.

तुझी हमामा
(लेखनिक: उस्ताद बदरावी, कुरैन शाळा, मूळ गाव मन्सूरा, इजिप्त)

*

शिअब, १५ मार्च

हमामे,

जिवंत आहेस का? असलीस तर लगेच कळव. नसलीस तर नाजीने कळवावं.

तुझा सोमवार आलाच नाही. त्याच्या दोन दिवस आधी तोफा सुरू झाल्या, हे तुला मी काय सांगू, तुझ्याच डोक्यावर पडत होत्या. आम्ही नऊ रात्री गुहेत काढल्या. सासऱ्याला पाठीवर घेऊन चढले. म्हातारा वाटभर विचारत होता, कोण कुणाशी लढतंय. मी म्हटलं, तुमची सून आणि तुमच्या सुनेची बहीण.

आता थांबलंय. रेडिओवर ऐकलं, सगळ्या अरब देशांचे मंत्री कुवेतला एका टेबलाशी बसले आणि दोन्ही येमेनना म्हणाले, पुरे, आपापल्या जागी मागे व्हा. आमच्या गावात कुणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. मंत्री म्हणजे लग्नातले काका, बोलतात खूप आणि ताट पुढे आलं की गप्प. पण परवा खरंच सात देशांचे सात अधिकारी आले आणि बोरीखाली तंबू ठोकून बसले. सैन्य किती मागे गेलं ते पावलांनी मोजतात. आमचे शिपाई मागे गेले. तुमचेही गेले म्हणे. तोफ गेली, देवाची कृपा.

पण वाट बंद आहे. बोरीच्या पुढे ना माणूस ना शेळी. हे पत्र त्या अधिकाऱ्यांच्या जीपचा ड्रायव्हर उबैद आणतोय, ताइझचा आहे, दोन्हीकडे जातो. त्याला मी रोट्या दिल्यात, तूही दे, म्हणजे येत राहील.

बैल कुठे आहेत? एवढंच सांग. पाचव्या रात्रीच्या भेटीला सोळा दिवस आहेत.

मुलूक

मास्तरला सांग, जाईजुई नकोत.

*

कुरैन, २३ मार्च

ताई,

आम्ही सगळे जिवंत आहोत. घराची उत्तरेकडची भिंत पडली. सासूच्या पायाला लागलं, आता चालते. मास्तरांच्या शाळेचं छप्पर गेलं, ते आता आमच्या ओट्यावरच मुलं बसवतात, म्हणून पत्राला उशीर होणार नाही.

तुला एक गंमत सांगते. वाट उघडावी म्हणून आमच्या गावाने रीतीप्रमाणे त्या तंबूच्या दारात बैल कापला. तुला रीत माहीत आहे, धडधाकट बैल ज्याच्या दारात कापला त्याने मांस उचललं की मागणी कबूल. सगळे म्हातारे डोक्यावरचे रुमाल गळ्यात घालून उभे राहिले. पण साहेब लोक सात मुलखांचे, त्यांना वाटलं गावाने मेजवानी दिली. बाहेर आले, हात मिळवले, वा वा म्हणाले, आणि बसून जेवले. मांसाची तारीफ केली. एकाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारे गेले आणि म्हणाले, आता वाट उघडा. साहेब म्हणाले, कसली वाट? त्यांच्यात जॉर्डनचा एक मेजर आहे, झौकान नावाचा, वाळवंटातल्या माणसांतला. त्याने विचारलं, बैल कुठे कापला होता, आत की उंबऱ्यावर? उंबऱ्यावर म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. मग बाकीच्यांना म्हणाला, "भावांनो, आपण जेवलो नाही, आपण शब्द दिला."

सहा जण कबूल झाले. पण त्यांचा मुख्य आहे अल्जीरियाचा कर्नल बूअलाम. त्याचं पोट बिघडलं होतं, तो त्या दिवशी जेवलाच नाही. तो म्हणतो, मी खाल्लं नाही, मी बांधील नाही, आणि माझ्या कागदात सैन्य मागे घ्या एवढंच आहे, वाट उघडा असं नाही. आणि तुमच्या बाजूचा कप्तान मुकबिल म्हणतो, बैल उत्तरेचा, विनंती उत्तरेची, दक्षिणेने का ऐकावं? म्हणजे सगळं अडलं. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला, सोमवारी, तंबू उठणार आणि तिथे तारेचं कुंपण घालणार असं उबैद म्हणतो.

त्या बैलाचं थोडं मांस वाळवून तुला पाठवते. गावाचा प्रसाद समज. आपले बैल, काय सांगू, मजेत आहेत. काळ्याचा एक कान गोळीने गेला, पण तो ठीक आहे.

तुझी हमामा

ताजा कलम, हे लेखनिकाचे स्वतःचे: बाई उठून भाकरी बघायला गेल्या आहेत, तेवढ्यात लिहितो. मुलूकबाई, कापला तो बैल तुमचा तांबडा होता. रीतीला अव्यंग जनावर लागते आणि काळ्याचा कान गेला होता. गावात दुसरा धड बैल उरला नव्हता. नाजींनी दोर हातात दिला तेव्हा बाई तांबड्याच्या गळ्यात पडल्या होत्या. मला हे न लिहायला सांगितले आहे. मी आयुष्यात पुष्कळ खोटी पत्रे लिहिली, हे लिहिता आले नाही. बदरावी.

*

शिअब, २५ मार्च

हमामे,

मजेत आहेत. बैल मजेत आहेत. असं लिहवून पाठवलंस तू मला.

माझा तांबडा. रात्री हाक मारली की अंधारात मान वळवायचा. मी त्याला दूध पाजून वाढवलं, त्याची आई मेली होती. आणि तू त्याचं वाळवलेलं मांस पुडीत बांधून मला पाठवतेस आणि वर प्रसाद म्हणतेस. मी पुडी उघडली नाही हे नशीब. उघडली असती आणि खाल्लं असतं तर मी तुझ्याशी मरेपर्यंत बोलले नसते.

नाजीला सांग, परवानगी मागायला ओढा बंद होता, पण उबैदची जीप बंद नव्हती. एक ओळ पाठवायची होती. मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं असतं. पण विचारायचं असतं. मोठी बहीण आहे मी, गोठ्यातला खुंटा नाही. दिवसभर भांडी आपटली. सासरा म्हणाला, कुणावर चिडलीस? म्हटलं, सगळ्यांवर, रांगेत उभे राहा.

मग संध्याकाळी चुलीपाशी बसले आणि मला एक सुचलं, तेव्हा सरळ उठून उभी राहिले.

बैल कुणाचा? माझा. मी कुठली? दक्षिणेची. मग तो कप्तान मुकबिल कुठल्या तोंडाने म्हणतो विनंती उत्तरेची आहे? बैल दक्षिणेचा, कापला उत्तरेने. दोघांची विनंती आहे ती. आणि त्या सहा साहेबांनी माझं अन्न खाल्लंय, मागणी करायचा हक्क माझा आहे, तुझ्या गावच्या म्हाताऱ्यांचा नाही. ते काय मागणार? ते तर साहेबाशी बोलताना नाव विसरतात.

मी जाणार आहे. पुडी ठेवून दिलीय.

मुलूक

मास्तरला म्हणावं, शाबास. आणि तू त्याला ओरडू नकोस.

*

कुरैन, २८ मार्च

ताई,

मी तुझ्या पाया पडते, जाऊ नकोस. तिथे शिपाई आहेत आणि तुझं तोंड आहे, दोन्ही एका जागी नकोत. तू कप्तानाला काही बोललीस आणि त्याने तुला आत टाकलं तर पोरींना कोण बघेल?

मी चुकले. नाजीने दोर मागितला तेव्हा मी नाही म्हणाले होते. मग गावची बाळं बघितली, विहीर तुमच्या बाजूला गेलीय, बायका दीड कोस वर जाऊन पाणी आणतात. मी दोर दिला. तुला लिहायचं धाडस झालं नाही. काळा आजपासून तुझा. एका कानाचा आहे, पण तुझा.

मास्तरांना मी ओरडले. ते म्हणाले, ओरडा, पण तेही लिहू का? मी म्हटलं लिहा.

आम्ही इथून बोरीकडे बघत असतो. साहेबांचा झेंडा दिसतो. मेजर झौकान रोज आमच्या ओट्यासमोरून जाताना मान खाली घालतो. खाल्लंय म्हणून लाजतो बिचारा.

तुझी हमामा

*

शिअब, १ एप्रिल

हमामे,

आधी हे वाच: गुरुवारपासून वाट उघडी. आता बस आणि बाकीचं ऐक, सावकाश.

काल सकाळी मी पुडी उघडली. तांबड्याची क्षमा मागितली. मांस कुटलं, मेथी आणि लसूण घालून पातळ रस्सा केला, ज्वारीच्या पिठाची आसीदा घोटली, अगदी मऊ, सासऱ्याला दात नाहीत तेव्हा करते तशी. मध्ये खळगा करून रस्सा ओतला. मडकं डोक्यावर घेतलं आणि निघाले. पोरी म्हणाल्या, आई, कुणी मेलं का? म्हटलं, अजून नाही.

चौकीवर कप्तान मुकबिल. आपल्या दाली गावचाच पोरगा आहे, त्याच्या आईला मी ओळखते, लोणी विकायची. म्हणाला, कुठे? म्हटलं, ज्याने खाल्लं नाही त्याच्याकडे. तो हसला आणि म्हणाला, तो उत्तरेचा बैल होता, बाई, तुमचा काय संबंध. मी मडकं खाली ठेवलं आणि त्याला सगळं सांगितलं. तांबडा कुणाच्या गोठ्यात जन्मला, कुणाच्या हातचं दूध प्यायला, त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा कुणीकडे वाकडा होता. म्हटलं, जा, कातडं अजून तिकडे वाळतंय, टिळा बघ आणि मग मला सांग बैल कुठला. आणि तुझ्या आईला विचार, दक्षिणेच्या बाईचा बैल उंबऱ्यावर कापला गेला आणि दक्षिणेच्याच पोराने नाही म्हटलं, असं बाजारात पसरलं तर ती लोणी कुठे विकेल?

त्याने हसणं थांबवलं. मडकं त्यानेच उचललं आणि माझ्या पुढे चालू लागला. असा तोल सांभाळत, जणू बाँब आहे.

तंबूत टेबल, टेबलावर नकाशा, नकाशावर दगड ठेवलेले वारा येतो म्हणून. एक सोडून सगळे साहेब उभे राहिले. मेजर झौकानने माझ्याकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तो मिशीत हसला आणि मागे सरकला. कर्नल बूअलाम बसलेला. हाडं दिसतात चेहऱ्याची. पुढे तांदळाच्या पेजेची वाटी, तीही अर्धी टाकलेली. मला म्हणाला, या मावशी. मी म्हटलं, मावशी कुणाला म्हणता, तुमच्या दाढीत माझ्यापेक्षा पांढरे जास्त आहेत. मागचे साहेब खोकले.

मी लपवाछपवी केली नाही, हमामे. तू केलीस त्याचं काय झालं ते बघितलं. मी सरळ सांगितलं, यात त्याच बैलाचं मांस आहे. खाल्लं तर तुम्ही बांधले गेलात. नाही खाल्लं तर मी मडकं उचलून घरी जाते, तुमच्यावर राग नाही, तुमची पेज पिऊन बसा. पण पोटाला हे बरं आहे, हेही खरं.

त्याने पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, त्यांच्या मुलखात मांस म्हणजे मांस. शिवाय तो एकटा कोण, तो सगळ्या देशांच्या वतीने आलाय. सगळ्या अरब देशांच्या संघटनेचा जो मूळ कागद आहे त्यात लिहिलंय, एकमताने ठरलं तर सगळे बांधील, नाही तर जो मान्य करेल तोच बांधील. म्हणून तर त्याला जपून राहावं लागतं.

मला हसू आलं. म्हटलं, "कर्नलसाहेब, मग तुमचा कागद आणि आमचा बैल एकच सांगतात. जो जेवला तो बांधला. मग भांडण कसलं? सातवा घास तेवढा राहिलाय."

मेजर झौकान मागून म्हणाला, बाईने सनद वाचलेली दिसते. मी म्हटलं, मी फक्त धुळाक्षरं वाचलीत, पण उपाशी कोण आणि जेवला कोण ते मला न वाचता कळतं.

कर्नलने मला विचारलं, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? सीमा उठवा म्हणाल तर ते माझ्या हातात नाही, या सातांच्याही नाही. मी म्हटलं, सीमा तुमच्याकडे ठेवा, मला कुठे पुरून ठेवायचीय. मला पाहिजे एक वाट. नांगर घेऊन दोन बैल आणि एक माणूस शेजारी शेजारी जातील एवढी रुंद. दिवसा उघडी, रात्री बंद. बायकांना विहिरीवर जाता यावं. बस्स.

त्याने नकाशाकडे बघितलं. मग उत्तरेच्या चौकीवरच्या कप्तान हिजामला बोलावणं धाडलं. तो आला, मुकबिलला बघून दारातच थांबला. महिन्यापूर्वी हे दोघं एकमेकांवर तोफा डागत होते. कर्नल म्हणाला, मी खाईन, पण एकटा नाही. ही सही माझी एकट्याची नसेल. आणि दोघांना मडक्याच्या दोन बाजूंना बसवलं.

आता सांग, सात देश, दोन कप्तान, आणि माझं मडकं. चमचे पुरेनात. कुवेतचा साहेब म्हणाला, मी तर आधीच खाल्लंय. मी म्हटलं, बसा, खाल्ल्याने कमी होत नाही. मग हातानेच खाल्लं सगळ्यांनी. कर्नलने पहिला घास घेतला, डोळे मिटले, मी म्हटलं, आता काय, पडतोय की काय हा. त्याने दुसरा घेतला. मग तिसरा. मुकबिल आणि हिजाम एकाच खळग्यातून रस्सा घेत होते, बोटं लागत होती एकमेकांना, दोघंही खाली बघत होते. हिजाम म्हणाला, मेथी जास्त झालीय. मुकबिल म्हणाला, आमच्याकडे अशीच घालतात. दोघांचं पहिलं बोलणं ते.

मडकं पुसून झालं तेव्हा कागद झाला. नऊ सह्या. मला म्हणाले, तुम्हीही करा. मी माझं नाव लिहिलं, मुलूक बिन्त सालेह, सगळं स्वतःच्या हाताने, अंगठा नाही. कर्नल म्हणाला, सुंदर अक्षर आहे. खोटं बोलला, पण बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी बोरीपाशी काळ्याला घेऊन ये. तांबडा नाही हे मला माहीत आहे. एका बैलाचं काय करायचं ते तिथे उभं राहून ठरवू. पण ये.

मुलूक

*

कुरैन, ३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मास्तरांनी ओट्यावर मोठ्याने वाचलं. सगळं गाव जमलं होतं. ते सातव्या घासापाशी आले तेव्हा माझी सासू दुखऱ्या पायाने उभी राहिली. नाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. म्हातारे म्हणतात, आम्ही मागितलं असतं तेच बाईने मागितलं. मी म्हटलं, तुम्ही मागितलं होतं, मिळालं नव्हतं.

मास्तरांबद्दल सांगते. परवा रेडिओवर आलं, शत्रूशी तह केला म्हणून सगळ्या अरब देशांनी मिळून त्यांच्या इजिप्तला संघटनेतून तूर्त बाहेर ठेवलं, आणि कचेरीही कैरोतून हलवणार. ते दोन दिवस जेवले नाहीत. त्यांनीच तर आपल्या मुलांकडून त्या सगळ्या देशांची नावं पाठ करून घेतली होती. आज तुझं पत्र वाचून झाल्यावर म्हणाले, "रिकामी खुर्ची पण खुर्चीच असते, कधीतरी कुणीतरी येऊन बसतं." मग त्यांनी भाकरी मागून घेतली. हेही त्यांनी स्वतःच लिहिलं, मी थांबवलं नाही.

गुरुवारी येतो. काळ्याला धुतलंय. जोडीला काय, या विचाराने मात्र झोप नाही.

तुझी हमामा

*

शिअब, १४ एप्रिल

हमामे,

तू त्या गुरुवारी येऊन गेलीस, दोन दिवस राहिलीस, रडून रडून माझी ओढणी भिजवलीस, तरी पत्र लिहितेय, कारण मास्तरला सगळं नीट कळलं पाहिजे आणि तू त्याला अर्धवट सांगशील. हे त्याला वाचायला दे.

उस्ताद, ऐका. बोरीखाली काळा एकटा उभा होता, एक कान हलवत. मी हात लावून बघितला, गळ्याला, खांद्याला. जू ठेवायचं तर दुसऱ्या बाजूला कोण? मी म्हटलं, मी जुंपून घेते, माझी मान काही कमी जाड नाही. तेवढ्यात कातबाच्या रस्त्याने साहेबांची जीप आली, सावकाश, अगदी सावकाश, आणि मागे दोराला बांधलेला एक बैल. उबैद खिडकीतून ओरडत होता, हळू चालवायला सांगितलंय, दमवू नका.

सातही साहेबांनी मिळून घेतलाय तो. मेजर झौकान म्हणाला, खाल्लं सातांनी, भरपाईही सातांची. बाजारात तीन तास भांडले म्हणे. एकाला मोठा पाहिजे, एकाला तरुण, इराकचा म्हणे शिंगं बघा, कुवेतचा म्हणे दात बघा. शेवटी सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, तांबडा पाहिजे. तांबडाच आणला. टिळा नाही, पण चालेल.

स्वभाव मात्र बघा. सात देशांचा बैल आहे, सात दिशांना ओढतो. पहिल्या दिवशी नांगर सरळ चालेना, माझं रान कुत्र्याने उकरल्यासारखं झालं. पण काळा म्हातारा खमका आहे. त्याने एक कान मागे टाकला आणि आपल्या चालीने चालू लागला, नव्याला ओढत. तिसऱ्या दिवशी दोघांचा पाय एकत्र पडला. काल माझी शेवटची ओळ झाली. पाचवी भेट हुकली, तिसरीला अजून दोन आठवडे आहेत. दाणं भिजत घातलंय. पोरी नव्या बैलाला कर्नल म्हणतात, कारण आधी वैरण हुंगतो, विचार करतो, आणि मग सगळी संपवतो. खऱ्या कर्नलचं पोट बरं आहे. जाताना आसीदेची कृती विचारून गेला. तारेचं कुंपण झालं, पण मध्ये वाट आहे, मी स्वतः मोजली. दोन बैल, एक माणूस, वर एक हात जास्त.

आता हमामे, तुला. बैल आज सुटलेत, एकटेच, नाजी बोरीपाशी उभा असेल. हे पत्र काळ्याच्या शिंगाला बांधलंय. तुझे वरचे टप्पे आधी कर, आळस करू नकोस, आणि थंडीत दोन्ही नीट चार. नव्याला लसूण खाऊ घाल, त्याच्या पोटात जंत आहेत.

हे माझं शेवटचं पत्र. लिहायला शिकले ते वाट बंद होती म्हणून कामाला आलं. आता वाट उघडी आहे, तुला जे काही बोलायचं ते मी येऊन तोंडावर बोलेन.

मुलूक